बघायला आले तेव्हाची उंची

दौलताबादचा किल्ला मागं पडला. घाट लागायच्या आधी रस्त्यावरच एक जुना दगडी दरवाजा आहे. त्याच्या कमानीखाली आल्यावर द्वारकानं डोकं खाली घेतलं आणि ती वाकून पलीकडं गेली.

मी बघतच राहिले. केवढा तो दरवाजा! त्यातून एसटी जाते, उसाची ट्रॉली जाते. आणि ही बाई डोक्याला लागेल म्हणून वाकली.

“अगं द्वारका, अंबारीसकट हत्ती जायचे यातून,” मी म्हणाले.

ती थांबली. वळून तिनं वर कमानीकडं बघितलं आणि ओशाळून हसली. “वाकले व्हय मी? मला कळलंच नाय बघा वहिनी.”

श्रावणातला शनिवार होता. आम्ही दोघी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला पायी निघालो होतो. पुष्कळ लोक शुक्रवारी रात्रीच चालायला लागतात, पण आम्ही घरची पूजा उरकून पहाटे सिडकोतून बाहेर पडलो होतो. पडेगाव येईस्तोवर उजाडलं. चपला पिशवीत, पायाखाली ओला डांबरी रस्ता, कडेला कुणी केळी वाटतंय, कुणी पातेल्यातून चहा. मी दर वर्षी जाते. द्वारका पहिल्यांदाच आली होती. का येते म्हणाली ते तिनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. देवाकडं निघालेल्या माणसाला कारण विचारू नये.

पण त्या दरवाज्यानं तिला बोलतं केलं. घाटाचा चढ लागला, दम लागायला लागला, तरी ती बोलत राहिली. तिच्या आयुष्यातलं थोडंफार मला आधी ठाऊक होतं, उरलेलं त्या चढावर कळलं. आता सगळं एका ठिकाणी सांगते.

द्वारका ही आमच्या गल्लीतली सगळ्यात उंच बाई. पण हे गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. गल्लीला ठाऊक आहे ती बद्रीनाथची बायको, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली, पोक काढून चालणारी. नजर जमिनीवर, जणू काहीतरी सांडलंय आणि ते शोधत चाललीय.

ती कन्नडकडची. घाटाच्या अंगाला त्यांचं खेडं. बाप काकासाहेब स्वतः ताडमाड उंच, आणि लेक त्याच्यावर गेली. त्याला त्याचं फार कौतुक. आठवडी बाजारात पोरीचा हात सोडून द्यायचा आणि म्हणायचा, “हरव कुठं हरवायचं तिथं, कुठंबी गेलीस तरी दिसतीस.” शाळेत फळ्याचा वरचा कोपरा पुसायला गुरुजी तिलाच उठवायचे. दहावीपर्यंत ती अशीच वाढली, आभाळाकडं तोंड करून. उंची ही वाईट गोष्ट आहे हे तिला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगितलं स्थळांनी. पहिल्या स्थळानं नुसतं “कळवतो” म्हणून कळवलं नाही. दुसऱ्या वेळी पोराची आत्या दारातच म्हणाली, “पोरगी देखणी हाय, पण आमच्या सोन्याला हिच्याशी बोलायचं तर शिडी घ्यावी लागंल.” सगळा ओटा हसला. द्वारका आत चहाचा ट्रे धरून उभी होती, तिनं ते ऐकलं. असं आणखी एकदोनदा झालं, तसा काकासाहेबांचाही आवाज बसायला लागला. बाजारात पोरीचा हात सोडून देणारा माणूस आता म्हणायला लागला, “जरा बसून राहत जा गं लोकांपुढं.”

मग गंगापूरकडचं स्थळ आलं. पोरगा वाळूजच्या कंपनीत चिकटलेला, निर्व्यसनी, घरी शेती. फक्त अंगापिंडानं लहान. स्थळ हातचं घालवायचं नाही असं ठरलं आणि द्वारकाच्या गीताबाई मावशीला बोलावणं गेलं.

मावशीनं तिला कडब्याच्या गंजीआड नेलं. आईची साडी नेसवली आणि म्हणाली, “साडीच्या आत काय चाललंय ते कुणाच्या बापाला दिसतंय? गुडघे जरासे मोड. एवढे नको, बसल्यावानी दिसती. हां. आता खांदे सोड. मान पुढं घे. मान पुढं घेतली ना, की पोरगी लाजरी दिसती.”

दोन दिवस संध्याकाळी ती गंजीआड उभी राहून शिकली. मांड्या भरून यायच्या. मावशी समोर बसून तंबाखू मळत बघायची. “वर आलीस, वर आलीस,” असं म्हणत राहायची.

पाहुणे आले. चालून दाखव झालं, नाव सांग झालं. मग पोराच्या मामीनं ज्याची भीती होती तेच केलं. तिला उठवलं आणि पोराच्या शेजारी उभं केलं. द्वारका सांगत होती, “वहिनी, तेवढा वेळ मी श्वास घेतला नाय. पाय थरथरायलते. ह्यांचा कान माझ्या कानाला लागंल इतकी बरोबर झालते मी.” मामी दोन पावलं मागं सरकली, मान तिरपी करून बघितलं आणि म्हणाली, “जोडा शोभतो.” काकासाहेब तेव्हा उठून बाहेर बैलांकडं गेले.

लग्नात नवरदेवाच्या पाटाखाली मावशीनं आणखी एक पाट सरकवला. अंतरपाट धरलेला, अक्षता पडतायत, पायाकडं कोण बघतंय?

इथंवर आपल्याकडं अशा गोष्टी होतात म्हणून सोडून देता आलं असतं. लग्न लागलं, संपलं. पण सासरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात द्वारका अंगणात धुणं वाळत घालत होती. दोरी उंच होती. तिला वाटलं अंगणात कुणी नाही. तिनं पाय सरळ केले, पाठ सरळ केली आणि हात वर करून लुगडं दोरीवर टाकलं. मागून सासूचा आवाज आला.

“अगं बाई! ही एवढी व्हय?”

सासू म्हणजे लक्ष्मीबाई. स्वतः बुटक्या, पण नजर शिंप्याची. “बघायला आलतो तेव्हा तू एवढी नव्हतीस. माझ्या लेकाला फसवलं का काय गं तुझ्या बापानं?”

द्वारकाच्या हातातलं ओलं धुणं खाली पडलं. तिच्या तोंडून निघून गेलं, “नाय आत्याबाई. टाचा वर केलत्या मी. दोरी उंच हाय ना.”

लक्ष्मीबाईंनी तिच्या पायांकडं बघितलं. पाय साडीत होते. “मग ठीक हाय,” असं म्हणून त्या आत गेल्या.

झालं. त्या एका वाक्यानं तिला बांधून टाकलं. बघायला आले तेव्हा जेवढी होती तेवढीच तिनं राहायचं. ताठ झाली तर ती खोटी, तिचा बाप खोटा. बरं, गुडघे मोडून काही कामं होत नाहीत. म्हणून गुडघ्यांचं तिनं हळूहळू पाठीवर घेतलं. पाठीचं मानेवर गेलं. पोट आत, छाती आत, खांदे पुढं, हनुवटी पुढं. शिकवलेलं सोंग वर्षभरात अंगात मुरलं आणि मग ते सोंग राहिलंच नाही.

बद्रीनाथ माणूस वाईट नाही. हे मी शेजारीण म्हणून छातीवर हात ठेवून सांगते. शिफ्टवरून येताना बायकोला आवडतात म्हणून गरम जिलेबी आणणारा माणूस आहे. बायकोला कधी वावगा शब्द बोलला नाही. पण रस्त्यानं तो कायम चार पावलं पुढं. आणि फोटो काढायचा म्हटला की खुर्ची आणायचा. “तू बस. मी उभा राहतो.” त्यांच्या घरात जेवढे फोटो आहेत, बारशाचे, वास्तूचे, पुतण्याच्या लग्नातले, सगळ्यांत द्वारका बसलेली आहे.

स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर फराळाचे डबे असतात. द्वारकाचा हात तिथं सहज पोचतो. पण दिवाळीत डबा काढायचा तर बद्रीनाथ स्टूल आणतो, त्यावर चढतो, आणि ही खाली स्टूल धरून उभी राहते. “धर नीट,” तो म्हणतो. “धरलंय,” ही म्हणते. दोघांनाही ठाऊक आहे.

आणि तो स्वयंपाकाचा ओटा. सिडकोतलं घर बांधून काढलं तेव्हा गवंड्यानं विचारलं, ओटा किती उंच घेऊ? लक्ष्मीबाई पुढं झाल्या, स्वतःच्या कमरेला हात लावून म्हणाल्या, “एवढा.” गवंड्यानं खूण केली. द्वारका तिथंच होती. काय बोलणार होती? माझी कंबर याच्या पुष्कळ वर आहे, असं म्हणणार होती? पुढं लक्ष्मीबाईंचे गुडघे गेले, त्यांनी स्वयंपाकघर सोडलं, त्या दिवाणवर बसायला लागल्या. ओटा तेवढाच राहिला. त्यावर दोन्ही वेळच्या भाकरी, कणीक, भाजी चिरणं, भांडी. घडी घातल्यासारखी ती त्या ओट्याशी उभी राहायची.

गेल्या वर्षी भाकरी थापता थापता तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग मान आखडली. मग रात्री कूस बदलता येईना. डॉक्टरांनी मानेचा फोटो काढून बघितला आणि व्यायामासाठी शहागंजजवळच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथं नौशीन नावाची एक तरुण मुलगी होती. डोक्याला रुमाल, पायात खेळायचे बूट, तोंडाचा पट्टा चालूच.

“आंटी, दीवार कू लगके खडे रहो. टाचा, कंबर, खांदे, डोकं, सगळं भिंतीला.”

द्वारका भिंतीला लागली.

“डोकं पण लावा ना आंटी.”

“लावलंय की.”

“कहाँ लगाया? माझी आख्खी मूठ जाते मधनं.” तिनं मूठ घालून दाखवली. मग तपासून म्हणाली, “हड्डी अजून नाही बिघडली. आदत बिघडली आहे. कितनी पुरानी आदत है?”

“लग्नापासूनची.”

नौशीन खळखळून हसली. “शादी का इलाज मेरेकू नक्को पूछो, आंटी.”

पण तिनं सांगायचं ते नीट सांगितलं. मोबाइल मांडीत घेऊन बघू नका, डोळ्यांसमोर धरा. बाजाराची पिशवी एका हातात नको, दोन्हीकडं वाटून घ्या. ओटा कमरेला आला पाहिजे, तोडता येत नसेल तर त्यावर लाकडी पाट ठेवून कणीक मळा. उभं राहून काम असेल तर एका पायाखाली वीट घ्या आणि पाय बदलत राहा. आणि रोज भिंत. हनुवटी आत, डोकं मागं. दुखलं तरी रोज.

द्वारकानं ओट्यावर पाट ठेवला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाईंनी तो दिवाणखाली पाय ठेवायला नेला. “ओट्यावर पाट? ओटा काय खड्ड्यात हाय व्हय?” वीट ठेवली तर बद्रीनाथ तिला अडखळला आणि वीट अंगणात गेली. राहिली भिंत. तर त्या तीन खोल्यांत मोकळी भिंतच नाही. कपाट, दिवाण, टीव्ही, फ्रिज, पोरीचं टेबल. एक भिंत मोकळी होती, ती दिवाणच्या बरोबर समोर. तिथं पाठ टेकून उभं राहायचं म्हणजे लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांपुढं वाढायचं.

एक दिवस दुपारी ती माझ्याकडं आली. साखर मागायला यावं तसं दारात उभी राहून म्हणाली, “वहिनी, तुमची भिंत द्याल का थोडा वेळ?”

मी कॅलेंडर काढून ठेवलं. तेव्हापासून ती रोज दुपारी यायची. मी पोथी घेऊन बसायचे आणि माझा अध्याय संपेपर्यंत ती भिंतीला लागून उभी राहायची. पहिल्या दिवसांत तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, दुखायचं म्हणून. डोकं काही भिंतीला लागत नव्हतं. मी वाचत असायचे आणि मनात म्हणायचे, देवा, हिचं डोकं टेकू दे. श्रावण लागायच्या सुमारास एका दुपारी ती गेल्यावर मी बघितलं, भिंतीवर खोबरेल तेलाचा एक डाग पडला होता. रुपयाएवढा. मी तिथं पाठ टेकून हात लावून बघितला, तो माझ्या टाळूच्याही चार बोटं वर होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं ही बाई केवढी आहे. तो डाग मी पुसला नाही.

आमच्या फाटकातून ती ताठ बाहेर पडायची. खिडकीतून दिसायचं मला. सरळ, मान वर, अंगात वीज असल्यासारखी. आणि स्वतःच्या फाटकाच्या कडीला हात लागला की खांदे आपोआप खाली. आत जाईस्तोवर पुन्हा तेवढीच.

“अगं, आता कशाला भितेस?” मी एकदा म्हणाले होते. “सासू थकली, लेक कमावती झाली.”

“वहिनी, माझे दादा असते तर त्यांनी ऐकून घेतलं असतं,” ती म्हणाली. ती बापाला दादा म्हणायची. “आता दादा नाय. मेलेल्या माणसाला कोणी फसव्या म्हणलं तर तो उठून काय सांगणार?”

एवढं मला माहीत होतं. घाटावर तिनं पुढचं सांगितलं.

तिची मुलगी प्रेरणा. एका औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत आहे. उंचीनं थेट आजोबांवर गेलीय, आणि चालते तशीच, शहरातल्या पोरी चालतात तशी, पाठीवर पिशवी आणि मान सरळ. तिला दुसऱ्या दिवशीचा सोडून पुढच्या रविवारी बघायला येणार होते. स्थळ पुन्हा गंगापूरकडचंच. मुलगा सार्थक, इथंच पुंडलिकनगरला राहतो, नोकरी चांगली, माणसं चांगली. फोटोत दोघांची उंची कळत नव्हती. बद्रीनाथच्या बहिणीनं मध्ये पडून सांगितलं, मुलगा पोरीच्या कानाएवढा भरेल.

लक्ष्मीबाईंनी दिवाणवरून फर्मान काढलं. “प्रेरे, त्या दिवशी उंच टाचेची चप्पल नको. आन् जरा खाली वाकून चाल.”

“आजी, मी जशी आहे तशी आहे,” पोरगी म्हणाली.

“जशी हाय तशी कोणी दाखवतं व्हय? शहागंजात भाजीवाला बी चांगली वांगी वर ठेवतो.”

प्रेरणा हसली. द्वारका म्हणाली, “मला लई बरं वाटलं वहिनी. म्हणलं ही हसून सोडून देती. ही वाकायची नाय.”

दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी साडी नेसून बघायचं ठरलं. द्वारका खाली बसून पोरीच्या निऱ्या लावत होती. लावून झाल्या, ती उठली आणि आरशात बघितलं. प्रेरणा पूर्ण उंचीची उभी होती. तिच्या मागं आई, तिच्या खांद्याएवढी.

इथं बोलता बोलता द्वारका थांबली. घाटाचं वळण होतं. एक टेंपो भजनं लावून वर गेला. ती कठड्याला हात टेकून उभी राहिली.

“माझे हात गेले, वहिनी. मी नाय पाठवले. तिच्या खांद्यांवर गेले आन् त्यांनी तिला खाली दाबलं. आन् तोंडानं म्हणाले, खांदे जरा सोड गं.”

“मग? ती काय म्हणाली?”

“काय बी नाय म्हणाली. आरशात माझ्याकडं बघितलं. आन् वाकली.” द्वारकानं मला करून दाखवलं, रस्त्याच्या कडेला, साडी सावरत. “असे गुडघे मोडले. अशी मान पुढं घेतली. बरोब्बर. मी तिला कधी शिकवलं नाय, देवाशपथ. तिथं ना मावशी होती ना कडब्याची गंजी. पण तिला येत होतं. गुडघे किती मोडायचे ते बी येत होतं. जन्मल्यापासून बघतीय ना ती मला.”

मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिच्यापुढं धरली.

“आन् दिवाणवरून आत्याबाई म्हणाल्या, हां, आता कसं! आता आईवाणी दिसती.”

ती पुन्हा चालायला लागली. कागजीपुरा गेला. पुढचा सगळा रस्ता मी मनातल्या मनात नामस्मरण करत होते. पण खरं सांगायचं तर नामात मन लागत नव्हतं.

खुलताबादला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. रांग मोठी होती. रुईच्या पानांच्या माळा घेतल्या, पाय धुतले. रांगेतही द्वारका पुढच्या बाईच्या मागं आडोसा घेतल्यासारखी उभी होती. शेवटी गाभारा आला.

भद्रा मारुती तुम्ही बघितला नसेल तर सांगते, हा मारुती उभा नाही. हातात डोंगर नाही, उड्डाण नाही, हात जोडून बसलेलाही नाही. पाठ टेकून निजलेला आहे. शेंदरानं माखलेला, हातपाय सोडलेला, निवांत. जगभरचे मारुती कुणाच्या तरी कामात असतात. हा एकटा निजलाय.

द्वारकानं माळ दिली, कपाळ टेकलं. उठून तिनं त्याच्याकडं बघितलं. मागच्यांनी “चला, चला” केलं, सेवेकऱ्यानं हात केला, तरी ती हलेना. मी तिचा दंड धरून तिला बाहेर काढलं.

बाहेर पारावर बसलो. तिनं पिशवीतून केळी काढली, एक मला दिलं. आपलं सोललं आणि तसंच हातात धरून बसली.

“काय मागितलंस?” मी विचारलं. विचारायचं नसतं, पण विचारलं.

“काय बी नाय मागितलं. म्हणलं देवा, बरं केलंस, पाठ टेकलीस ते.” ती हसली. मग हसू गेलं. “मागणार होते. पोरगी ताठ उभी राहू दे म्हणणार होते. पण वहिनी, ते मारुतीच्या हातात कुठंय? ती माझ्याकडं बघून उभी राहती. रविवारी बी माझ्याकडंच बघणार. मी दारातून वाकून बाहेर आले की ती वाकणारच. आन् मी ताठ आले तर…”

“तर काय?”

“तर आत्याबाई म्हणतील, पाहुण्यांसमोर म्हणतील, ही एवढी व्हय? ह्यांचं तोंड कसं होईल. स्थळ बी जाईल, काय सांगावं. आन् दादांचं नाव निघंल.” तिनं केळं पिशवीवर ठेवून दिलं. “दोन रात्री इचार केला. निघू दे म्हणलं. दादांनी मला बाजारात मोकळं सोडलं होतं, ते बी त्यांचंच नाव हाय.”

“मग झालं तर. ठरलं की तुझं.”

“मनाचं ठरलंय. अंगाचं नाय ठरलेलं. मघाशी त्या दरवाज्यात बघितलं ना तुम्ही? हत्ती जाईल एवढ्या दरवाज्यात वाकले मी, आन् मला कळलं बी नाय. रविवारी तसंच व्हईल. मला वाटंल मी ताठ हाय, आन् मी वाकलेलीच असंन.”

पारावर एक म्हातारा पाय पसरून झोपला होता. शेजारी एका बाईनं लेकराच्या हातात नारळाचा तुकडा दिला. द्वारका माझ्याकडं वळली. पारावर बसलेली होती म्हणून असेल, किंवा एवढी चालून आली होती म्हणून असेल, तिची पाठ सरळ होती आणि मला तिच्याकडं मान वर करून बघावं लागत होतं.

“वहिनी, एक काम कराल माझं? रविवारी आमच्याकडं या. शेजारीण म्हणून या, कोणी काय म्हणणार नाय. पोहे बाहेर न्यायची वेळ आली की स्वयंपाकघरात माझ्या मागं उभ्या राहा, आन् मी पोरीला घेऊन बाहेर निघाले की माझ्या मागं मागंच या. आन् मी वाकले की माझ्या पाठीत बोट खुपसा. इथं, दोन्ही खांद्यांच्या मधी. जोरात खुपसा. पाहुण्यांची लाज धरू नका, आत्याबाईंची धरू नका. मी ओरडले तरी चालंल, पण बोट काढू नका.”